मंगळवारचे पाणी

आमच्या सांगलीत ‘ऑर्केस्ट्रा’ या शब्दाला एक ठरलेला अर्थ आहे. गणेशोत्सवाचा पाचवा किंवा सातवा दिवस, चौकात घातलेला मांडव, एक की-बोर्ड, एक ऑक्टोपॅड, ढोलकीवाला, पुरुषाच्या आणि बाईच्या अशा दोन्ही आवाजांत गाऊ शकतो असा दावा करणारा गायक आणि दोन गाण्यांच्या मध्ये शिळे विनोद सांगणारा निवेदक, एवढी सामग्री जमली की ऑर्केस्ट्रा झाला. त्यामुळे गेल्या जूनमध्ये लेकीने पुण्याहून फोनवर सांगितले, “आई, तुला एक ऑर्केस्ट्रा पाठवलाय, व्हर्जिनिया वुल्फच्या कादंबऱ्यांवरचा,” तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर क्षणभर तोच निवेदक उभा राहिला आणि चमकत्या कोटात ‘आता आपल्यासमोर येत आहेत मिसेस डॅलोवे’ असे म्हणून टाळ्यांची मागणी करू लागला.

संगीतकाराच्या नावानेही माझी मदत केली नाही. मॅक्स रिश्टर. ‘रिश्टर’ म्हटले की कृष्णा-कोयनेच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला संगीत आठवत नाही, ११ डिसेंबर १९६७ आठवतो. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि मोठी माणसे पुढे कित्येक वर्षे ‘किती रिश्टरचा होता’ यावर जेवणाच्या पंगतीत वाद घालत असत. हा रिश्टर वेगळा. जन्माने जर्मन, वाढलेला ब्रिटनमध्ये, शिकलेला एडिनबरा आणि लंडन येथे आणि नंतर इटलीत लुचानो बेरिओ या संगीतकाराकडे. विवाल्दी या जुन्या संगीतकाराच्या ‘चार ऋतूं’ची त्याने २०१२ मध्ये नव्याने केलेली मांडणी लेकीने मला आधी ऐकवली होती. मी तेव्हा ‘बरे आहे’ एवढेच म्हटले होते.

वुल्फ या इंग्रज कादंबरीकार बाईवर त्याने केलेले काम मुळात नृत्यासाठी आहे. वेन मॅक्ग्रेगर या नृत्यदिग्दर्शकाने लंडनच्या रॉयल बॅलेसाठी ‘वुल्फ वर्क्स’ नावाची तीन अंकी रचना बसवली आणि तिचा पहिला प्रयोग मे २०१५ मध्ये झाला. तीन अंकांना तीन कादंबऱ्या आहेत: १९२५ ची ‘मिसेस डॅलोवे’, १९२८ ची ‘ऑर्लँडो’ आणि १९३१ ची ‘द वेव्हज’, म्हणजे लाटा. त्या संगीताची ध्वनिमुद्रिका ‘थ्री वर्ल्ड्स’ या नावाने २०१७ च्या जानेवारीत निघाली. नृत्य मी पाहिलेले नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. मी फक्त ऐकले आहे, तेही दुपारी, गावभागातल्या आमच्या जुन्या घराच्या सोप्यात, कानांत लेकीने दिलेली ती छोटी बोंडे घालून, आणि समोरच्या गल्लीतून भंगारवाला ओरडत जात असताना.

मी एकतीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकवले, आणि त्यातली बरीच वर्षे ‘मिसेस डॅलोवे’ अभ्यासक्रमात होती. त्यामुळे ऐकण्याआधीच माझ्या मनात एक हट्टी प्रश्न तयार होता. शब्द काढून घेतल्यावर कादंबरीत उरते तरी काय? मी ज्या गावची आहे त्या गावाला हा प्रश्न पडणे अगदी साहजिक आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले तेव्हापासून या गावाने संगीत ऐकले ते नाटकातून, म्हणजे शब्दांच्या बोटाला धरून. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात त्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल ‘शारदा’ लिहितात, तेव्हा पदातल्या शब्दांतून एका कोवळ्या मुलीचे दुःख प्रेक्षकाच्या काळजाला भिडते. चाल त्या दुःखाला खांदा देते, पण ओझे शब्दांचेच असते. माझ्या सासूबाई गायच्या. गाणे कोणतेही असो, ऐकून झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असायचा, “शब्द कुणाचे?” असल्या घरात चार दशके काढल्यावर, बिनशब्दांच्या व्हायोलिनांनी मला क्लॅरिसा डॅलोवे भेटवावी, ही अपेक्षाच मला जरा आगाऊपणाची वाटत होती.

आणि मग बोंडे कानांत घातली तर पहिली गोष्ट ऐकू आली ती शब्दच. तीही वुल्फच्या स्वतःच्या आवाजात.

तिच्या आवाजाचे एकच ध्वनिमुद्रण आज उरले आहे. २९ एप्रिल १९३७ रोजी बीबीसीवर तिने शब्दांच्या कारागिरीबद्दल भाषण केले, त्याचा सुमारे आठ मिनिटांचा तुकडा. रिश्टरने त्याच्यापासूनच सुरुवात केली आहे. मागे लंडनच्या रस्त्याचा गलबला, बिग बेनचे ठोके, आणि त्यांवरून तिचा थोडा ताठ, थोडा नाकातून येणारा, फार शिष्ट असा आवाज. ती म्हणते आहे की शब्द प्रतिध्वनींनी आणि आठवणींनी भरलेले असतात, कारण ते शतकानुशतके बाहेर हिंडत आले आहेत, लोकांच्या ओठांवर, घरांतून, रस्त्यांतून, शेतांतून. मी हा मजकूर वर्गात कितीतरी वेळा वाचून दाखवला होता. पण तो आवाज ऐकताना मजकुराकडे माझे लक्षच राहिले नाही. मी ऐकत होते ती खरखर, जुन्या मुद्रणातली, आवाजाभोवती धुळीसारखी साचलेली.

ती खरखर आमच्या घरात परकी नव्हती. सासूबाईंकडे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या होत्या, आणि झिंझोटीतली ती ठुमरी लागली की घरातली सगळी भांडी जागच्या जागी थांबायची. खाँसाहेब गेले २७ ऑक्टोबर १९३७ रोजी, मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना वाटेत, एका लहानशा रेल्वे स्टेशनवर. आणि त्यांची कबर इथे, आठ-दहा किलोमीटरवर, मिरजेत ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. म्हणजे एप्रिलमध्ये लंडनमध्ये ती बाई मायक्रोफोनसमोर बसली आणि ऑक्टोबरमध्ये हा आवाज कायमचा तबकडीपुरता उरला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे मला कळते. तरी एकाच वर्षाची ती खरखर कानात पडल्यावर मला लंडन परके वाटेनासे झाले, हेही खरे. खाँसाहेबांना तबकडीच्या एका बाजूला मिळायची जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. त्यात अख्खा राग मावल्याचा भास ते निर्माण करत. रिश्टर याच्या अगदी उलट वाटेने जातो. तीन मिनिटांचे सांगणे तो वीस मिनिटे सांगतो. पण त्याबद्दल पुढे.

‘मिसेस डॅलोवे’ची गोष्ट सांगायची तर चार ओळींत संपते. जून १९२३ मधला एक दिवस. एक पन्नाशी ओलांडलेली बाई संध्याकाळच्या मेजवानीसाठी फुले आणायला बाहेर पडते, जुना मित्र भेटायला येतो, मेजवानी होते. दरम्यान त्याच शहरात महायुद्धातून परतलेला, मनाने मोडून गेलेला सेप्टिमस नावाचा तरुण दिवसभर हिंडतो आणि संध्याकाळच्या आत स्वतःला संपवतो. दोघांची भेट कधीच होत नाही. त्यांना एकत्र बांधते ते फक्त घड्याळ. बिग बेन वाजते आणि त्याचे ठोके शिशाच्या वर्तुळांसारखे हवेत विरत जातात, असे वुल्फ पुन्हा पुन्हा लिहिते. कादंबरीचे आधीचे, कच्चे नाव ‘तास’ अशाच अर्थाचे होते.

मराठीत तर ‘तास’ या शब्दात घड्याळाचा तासही आहे आणि शिकवण्याचा तासही. आमच्या महाविद्यालयात तासाची घंटा म्हणजे व्हरांड्याच्या टोकाला तारेने टांगलेला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा होता. शिपाईमामा लोखंडी गजाने त्यावर ठोके द्यायचे. शेवटचा ठोका पडल्यावर तो तुकडा तारेवर किंचित फिरत राहायचा आणि बराच वेळ, अगदी पुढच्या वर्गाची हजेरी सुरू होईपर्यंत, त्याची घुमणारी शेपटी हवेत राहायची. त्या घुमण्यात उभी राहून मी वर्षानुवर्षे फळ्यावर ‘बिग बेनचे प्रतीकात्मक महत्त्व’ असे लिहिले आणि खाली एक, दोन, तीन असे मुद्दे काढले. एकदाही गप्प राहून मुलांना म्हटले नाही की अरे, हे ऐका, हेच ते. परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न यायचा आणि मुले पाठ करून लिहायची; मीच तसे लिहायला शिकवले होते. रिश्टरच्या पहिल्या दोन मिनिटांत बिग बेनचे ठोके पडले तेव्हा मला लंडन दिसले नाही, तो व्हरांड्यातला रुळाचा तुकडा दिसला आणि निवृत्तीनंतर प्रथमच आपल्या नोकरीची थोडी लाज वाटली.

यापुढे पहिल्या भागात तीन तुकडे आहेत. बागेतला एक, पुनर्भेटीचा एक आणि मधला ‘वॉर अँथम’, तो सेप्टिमसचा. बागेतला तुकडा गोड आहे, जरा जास्तच गोड. चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात खपून जाईल असा. पण ‘वॉर अँथम’मध्ये एकटा चेलो, व्हायोलिनचा तो खर्जातला मोठा भाऊ, जे सुरू करतो ते वेगळे आहे. नाव युद्धगीताचे आणि त्यात ना बिगूल, ना पावलांचा ठेका. चेलो एक ओळ उचलतो, ती वर चढते, आणि जिथे पोचायला हवी तिथे न पोचता खाली बसते, मग पुन्हा उचलतो. सातारजवळ आपशिंगे हे गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या गावातून इतके लोक गेले आणि इतके परतले नाहीत की गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडले गेले. जे परतले नाहीत त्यांचे स्मारक आहे. जे परतले आणि मग पडवीत नुसते बसून राहिले, त्यांच्याबद्दल कुणी काही लिहून ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही. चेलोची ती ओळ त्यांची असू शकेल. हा सगळा भाग मी सलग तीनदा ऐकला, आणि या तिन्ही वेळा सेप्टिमस काय करतो, कुठून उडी टाकतो, डॉक्टर त्याला काय म्हणतात, यातले काही मला आठवले नाही; आठवली ती फक्त वाचताना लागलेली धाप.

इथे माझ्या प्रश्नाचे टोक जरा बोथट झाले. तरी उत्तर मिळाले नव्हते, कारण दुसरा भाग आडवा आला.

‘ऑर्लँडो’ ही थट्टेची कादंबरी आहे. एक तरुण सरदार राणी एलिझाबेथच्या काळात जन्मतो, तीनशेहून अधिक वर्षे जगतो, आणि मधेच एका सकाळी झोपेतून उठतो तो बाई होऊन. हे शिकवताना वर्गात हमखास खसखस पिकायची. मी मुलांना सांगायचे, बाळांनो, हसता काय, तुम्ही सांगली-मिरजेचे आहात. १९०५ साली मिरजेच्या रंगमंचावर नारायण राजहंस नावाचा एक मुलगा शकुंतला होऊन उभा राहिला आणि तुमच्या पणज्यांनी पुढे त्याच्याकडे पाहून नऊवारी नेसण्याची तऱ्हा बदलली. बालगंधर्वांच्या मुलखात ऑर्लँडोचे नवल वाटायला नको. रिश्टरने या कादंबरीसाठी जी युक्ती योजली ती कागदावर वाचायला फार सुंदर आहे. ‘ला फोलिया’ ही युरोपातली अतिशय जुनी धून. कोरेल्ली या संगीतकाराने १७०० मध्ये तिच्यावर केलेली रूपे आजही वाजवली जातात, आणि त्याच्या आधी नि नंतर कित्येकांनी तीच धून उचलली. एकच देह शतके ओलांडत, वेष आणि लिंग बदलत राहतो, तशी ही एकच धून रूपे पालटत राहते. एकच बंदिश तीन घराण्यांत तीन तऱ्हांनी भेटावी तसे काहीसे. मात्र रिश्टर यात संगणकाचे आणि विजेच्या वाद्यांचे आवाज मिसळतो, तुकडे छोटे छोटे आणि पुष्कळ आहेत, आणि सहाव्या-सातव्या तुकड्याला माझा कान थकला. कादंबरीतली थट्टा कुठे दिसली नाही. ऑर्लँडो हसतो, हे संगीत हसत नाही, फक्त धावते. लेक म्हणते की नृत्यासोबत ते शोभते. शोभत असेल. मी तो भाग पुन्हा ऐकलेला नाही.

आता ‘द वेव्हज’. ही कादंबरी मी कधी शिकवली नाही, ती अभ्यासक्रमात कुणी लावलीच नाही, आणि ते एका परीने बरेच झाले. सहा माणसे आहेत आणि ती आळीपाळीने स्वतःशी बोलतात, लहानपणापासून म्हातारपणापर्यंत. मधे मधे नऊ छोटी प्रकरणे आहेत ज्यांत माणूसच नाही. समुद्र आहे आणि त्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत सरकणारा सूर्य आहे. घडत जवळजवळ काहीच नाही. ही कादंबरी लिहीत असताना १९३० मध्ये वुल्फने एथेल स्माइथ हिला कळवले की आपण ही कथानकाच्या नव्हे, लयीच्या आधाराने लिहीत आहोत. एथेल स्माइथ कोण, तर संगीतकार. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेथोव्हनची एक चतुष्क-रचना ऐकताना तिला शेवट कसा करायचा ते सुचले, अशी तिच्या रोजनिशीत नोंद आहे: मधले सगळे तुकडे त्या सहांतल्या बर्नार्डच्या अखेरच्या भाषणात विरघळवून टाकायचे. म्हणजे या कादंबरीची खोड सुरुवातीपासूनच संगीतातली होती. रिश्टरने पंचाऐंशी वर्षांनी ती संगीतात आणली यापेक्षा ती माहेरी आली असे म्हणणे मला जास्त बरोबर वाटते. माझा प्रश्नच उफराटा होता. शब्द काढून घेतल्यावर कादंबरीत काय उरते, असे मी विचारत होते. वुल्फच्या बाबतीत शब्द येण्याच्या आधी तिथे काय होते, असे विचारायला हवे होते.

या कादंबरीसाठी ध्वनिमुद्रिकेत एकच रचना आहे, सुमारे एकवीस मिनिटांची. तिचे नाव ‘मंगळवार’.

सांगलीत मंगळवार म्हणजे गणपतीचा वार. कृष्णेकाठच्या संस्थानच्या गणपती मंदिरात पहाटेपासून रांग असते आणि आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत नारळ-दुर्वांच्या टोपल्या येऊन बसतात. वुल्फचा मंगळवार तसा नाही. नवऱ्याला लिहिलेल्या निरोपाच्या पत्रावर तिने तारीख घातली नाही, वरती फक्त वार लिहिला, मंगळवार. ती गेली ती २८ मार्च १९४१ रोजी, घराजवळच्या ऊझ नदीत, आणि तो दिवस शुक्रवार होता. रचना सुरू होते ती समुद्राच्या आवाजाने, आणि त्यावर अभिनेत्री जिलियन अँडरसन ते पत्र वाचते.

हे मला पटलेले नाही. वाचन अतिशय संयमाने केलेले आहे, एका शब्दावरही रडका भार नाही, हे कबूल. तरी ते एका बाईने एका माणसाला लिहिलेले पत्र आहे. पहिल्या भागात जो आवाज ऐकला तो तिने स्वतःहून, जगाने ऐकावा म्हणून दिला होता. हे तिने जगासाठी लिहिले नव्हते. शिवाय कादंबरीला त्याची गरजही नाही. ‘द वेव्हज’ लिहून झाल्यावर ती बाई दहा वर्षे जगली, आणखी पुस्तके लिहिली, कुत्र्यांना फिरवले, युद्धात विमानांचे आवाज ऐकत जॅम केला. तिच्या सगळ्या लेखनाला त्या एका नदीकडे वाहवत नेण्याची जी सवय लोकांना लागली आहे, तिला रिश्टरनेही हातभार लावावा याचे मला वाईट वाटले. पहिल्यांदा मी पत्र ऐकले. त्यानंतर दरवेळी मी ते संपेपर्यंत बोंडे काढून ठेवते आणि मगच पुढचे ऐकते.

पुढचे म्हणजे असे. खाली तंतुवाद्यांवर एक संथ स्वरावली सुरू होते, चार पावले टाकावीत इतकी छोटी, आणि ती फिरत राहते. आपल्याकडे तबल्याच्या एकट्या वादनाला पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा धरतात, तसा हा लेहरा आहे. फरक एवढाच की त्यावर करामत करणारा तबलजी येतच नाही. लेहरा फिरतो. एका फेरीत त्यावर आणखी एक धागा चढतो, पुढच्या चार फेऱ्यांत काही चढत नाही, मग आणखी एक. बऱ्याच वेळाने ग्रेस डेव्हिडसन या गायिकेचा आवाज येतो, तोही शब्दावाचून, नुसता स्वर, आणि कुठल्या क्षणी आला ते सांगता येत नाही. आपण वाट पाहत असतो की आता काहीतरी घडेल. घडत काही नाही, पण पंधराव्या मिनिटाला लक्षात येते की आपण गळ्यापर्यंत त्यात उभे आहोत.

हे मी आधी कुठे अनुभवले, ते आठवायला मला वेळ लागला नाही.

ऑगस्ट २०१९. ज्यांनी तो पूर बातम्यांत पाहिला त्यांना तो धो धो वाहणारा, झाडे वाहून नेणारा असा काहीतरी वाटतो. नदीच्या पात्रात तो तसा होता. गावभागात तो तसा नव्हता. आमच्याकडे पाणी धावत आले नाही, ते येऊन उभे राहिले. ‘आयर्विनला किती?’ हा त्या दिवसांतला एकमेव प्रश्न होता. १९२९ च्या त्या दगडी पुलाजवळची पातळी म्हणजे आमचे बिग बेन. चाळीस फूट, त्रेचाळीस, पंचेचाळीसला धोक्याची पातळी, आणि मग सत्तावन्न फुटांच्याही वर. ‘कोयनेतून किती सोडलं?’ हा दुसरा प्रश्न. आमच्या घराला रस्त्यापासून सात पायऱ्या आहेत. पाणी पहिल्या पायरीला लागले तेव्हा मी, जुन्या सवयीने घरात असलेला खडू घेऊन, पाण्याच्या कडेच्या वर चार बोटांवर एक रेघ ओढली. मला पाणी चढताना पाहायचे होते. अर्धा तास त्या रेघेकडे एकटक पाहत बसले. पाणी तसूभरही हलताना दिसले नाही. गॅस बंद करायला म्हणून आत जाऊन आले, तर रेघ पाण्याखाली, पांढरी, जराशी थरथरणारी. खडू पाण्यात लगेच विरघळत नाही, ही गोष्ट मला शिक्षकी पेशाच्या एकतीस वर्षांत कळली नव्हती. दुसरी रेघ ओढली. मग तिसरी. रात्री होडीतून आलेल्या मुलांनी “बाई, आता चला” असे म्हणेपर्यंत मी पाच रेघा ओढल्या होत्या आणि एकही बुडताना मला दिसली नव्हती.

‘मंगळवार’ ऐकताना मला तो खडूचा खेळ आठवतो. प्रत्येक फेरीला मी मनात रेघ ओढते आणि पुढचा धागा चढण्याचा क्षण पकडायचा असे ठरवते. अजून पकडता आलेला नाही. ‘द वेव्हज’ वाचतानाही नेमके हेच होते. सहा मुले बागेत खेळत असतात, आपण पाने उलटत असतो, आणि ती म्हातारी कधी झाली ते कळत नाही. पाच-सहाशे लोकांच्या सभागृहात बसून ऐकणाऱ्याला यात समुद्र ऐकू येत असेल. मला समुद्र फारसा ठाऊक नाही. मला सोप्यात शिरणारे, वास मारणारे, अजिबात आवाज न करणारे पाणी ऐकू येते.

पूर ओसरल्यावर घरात आलो तेव्हा पुस्तकांचे कपाट फुगून बसले होते. खालच्या दोन खणांत मी शब्दकोश ठेवले होते, जड म्हणून. मराठीचे, इंग्रजीचे, संस्कृतचे. सगळे चिखलाच्या विटा झाले. वरच्या खणात वुल्फ होती, आणि तिच्या ‘लाटा’ अगदी कोरड्या राहिल्या. हे कुणाला सांगितले की बनवून सांगितल्यासारखे वाटते, म्हणून मी फारसे सांगत नाही.

माळ्यावर सासूबाईंचा तानपुरा होता. तिथवर पाणी पोचले नाही, पण महिनाभर कोंडलेल्या दमट हवेने त्याचे काय झाले ते मी नंतर पाहिलेही नव्हते. त्या गेल्यापासून गवसणी उघडण्याचे कुणाला कारणच पडले नव्हते. ‘मंगळवार’ दहा-बारा वेळा ऐकून झाल्यावर एका सकाळी मी स्टुलावर चढून तो खाली काढला. चार तारांतली एक तुटलेली होती. उरलेल्या छेडल्या तर नुसता टण्ण असा, लाकडावर नाणे टाकल्यासारखा आवाज. शिवणारी, गुंजणारी ती शेपटीच गेली होती. रिक्षात आडवा घालून मी तो मिरजेला घेऊन गेले.

सितारमेकर गल्लीत दुकानांच्या पायऱ्यांवर भोपळे वाळत पडलेले असतात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले, त्यांतले काही माणसाने मिठी मारावी एवढे. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्याने एकोणिसाव्या शतकात इथे वाद्ये करायला घेतली आणि २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आत गेल्यावर मात्र या कशाचा थाट नसतो. एक गोणपाट, एक कानस, सरसाचे भांडे आणि लाकडाचा भुसा. कारागीर साठीचे असतील. त्यांनी तानपुरा मांडीवर आडवा घेतला, तार छेडली आणि कपाळाला आठी घातली. “जवारी मेली हाय ओ बाई.”

तारा ढिल्या करून त्यांनी घोडी, म्हणजे ज्या पट्टीवर तारा टेकतात ती, मोकळी केली. घोडीचा माथा वरून सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला नखाच्या पाठीएवढी उतरण असते, आणि तार एका बिंदूवर न टेकता त्या उतरणीला घासत, शिवत, सुटत राहते. त्या शिवण्या-सुटण्यातून एका स्वराच्या पोटातले बाकीचे स्वर बाहेर येतात; तीच जवारी. वर्षानुवर्षे तार बसून बसून तिथे बारीक खाच पडली होती. त्यांनी कानशीचे तीन हलके हात मारले, भुसा फुंकला, तार चढवली, छेडली, ऐकले. पुन्हा उतरवली, दोन हात, फुंकर, पुन्हा छेडली. पाऊण तास हेच. दरवेळी फरक काय पडला ते मला कळत नव्हते, आणि शेवटी, त्यांनी सुताचा एक तुकडा तारेखाली घालून केसभर पुढे सरकवला तेव्हा, तो आवाज एकदम उघडला. सासूबाई आतल्या खोलीत बसल्या आहेत असे वाटावे, असा.

उरलेल्या तारांचे काम चालू असताना मी वेळ जावा म्हणून कानांत बोंडे घातली. त्यांनी मान वर न करता विचारले, “काय ऐकायलाय, बाई?” मी एक बोंड पुसून त्यांना दिले. पत्र संपून लेहरा सुरू झाला होता. त्यांनी कानस खाली ठेवली, डोळे मिटले आणि दोन-तीन मिनिटे ऐकत राहिले. बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होते.

“खालचं एकच फिरवायलाय की ओ,” ते म्हणाले. “बरं हाय. सोडत न्हाई.” मग आणखी थोडे ऐकले. “किती माणसं बसल्यात?”

साठ-सत्तर तरी असतील, मी अंदाजाने सांगितले.

“आवाज गोल हाय,” त्यांनी बोंड काढून माझ्या हातात दिले. “पण जवारी बंद ठेवल्याली हाय. आता एवढ्या सगळ्यांच्यात सूत कुणी सरकवायचं?”

आणि त्यांनी दुसऱ्या तारेखालची घोडी कानशीने घासायला घेतली.